प्रमोदिनीबाईंचं नाक

“काकू, आत्ता पाठवायला हवी. आत्ता म्हणजे आत्ता.”

“असल्या वासाची बाटली वर जात नाही.”

“वास सोडा ना. तोंडात किती छान लागतेय. चाळीस वर्षांची म्हातारी आहे ती. एवढा वेळ हवेवर ठेवाल तर तुमच्यादेखत जाईल.”

“वीस मिनिटं थांब. तुझी म्हातारी कुठे पळून जात नाही.”

“पळूनच जाणार आहे, तेच तर सांगतोय, यार...” अविनाश जीभ चावून थांबला. “सॉरी. काकू.”

प्रमोदिनीबाई सबनीसांनी ‘यार’ ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच मिनिटं कमी होती.

दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात हे चाललं होतं. दोन हजार चारचा जानेवारी. बाहेर धुकं अजून उठलं नव्हतं. तळघरात मात्र बारा महिने एकच हवा, एकच गारवा. टेबलावर १९६४ सालच्या फ्रेंच रेड वाइनची एक बाटली उघडून ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी तिचीच न उघडलेली जुळी बहीण. बाटल्या श्रीरंग कारखानिसांच्या. परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चौसष्ट साली लग्न झालं, तेव्हा नोकरीनिमित्त ब्रसेल्सला होते. पुढे त्या सालच्या वाइनची पेटी त्यांनी तिथेच घेतली. दिल्लीच्या उन्हाळ्यात घरी ती टिकणार नाही म्हणून उरलेल्या बाटल्या या तळघरात ठेवल्या आणि त्यातल्या आता या दोनच राहिल्या होत्या. आज लग्नाला चाळीस वर्षं. एक वाजता वर आठ जणांचं जेवण होतं. तिसरी बाटली कुठेही नव्हती.

अविनाश अठ्ठावीसचा, ठाण्याचा, दोन वर्षं फ्रान्समध्ये वाइनचं शिक्षण घेऊन आलेला. चार महिन्यांपूर्वी तो या खात्याचा मुख्य झाला. पहिल्याच दिवशी त्याने प्रमोदिनीबाईंना सांगितलं होतं, मला अरे-तुरे करा. त्यांनी ते लगेच मनावर घेतलं. हुद्द्याने तो वरचा, पण तळघराचा एक नियम त्याच्याही आधीपासूनचा होता: सबनीस मॅडमच्या नाकाखालून गेल्याशिवाय एकही जुनी बाटली वर जायची नाही. आणि सबनीस मॅडमनी बावीस वर्षांत वाइनचा एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता.

अविनाशने मुकाट्याने मेणबत्ती पेटवली. बाटलीच्या मानेमागे ज्योत धरून त्याने वाइन रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत अगदी हळू ओतली. परवापासून बाटल्या उभ्या ठेवल्यामुळे गाळ तळाशी बसला होता. तो मानेपर्यंत येताना दिसला तसा त्याने हात थांबवला. प्रमोदिनीबाईंनी पेल्यात थोडी घेतली, नाकाशी नेली, खाली ठेवली.

“रजई,” त्या म्हणाल्या. “बंद पेटीतली रजई. गोणपाट नाही.”

हा फरक आर. के. पुरममधल्या सरकारी क्वार्टरात राहिल्याशिवाय कळणारा नव्हता. तिथे पलंगाच्या पेटीत रजया उन्हाळाभर कोंडलेल्या असतात. दिवाळीच्या सुमाराला पेटी उघडली की कोंदट, कापरासारखा, नकोसा भपका येतो. पण रजई गच्चीवर नेऊन उन्हात टाकली की दुपारपर्यंत तिला रजईचा वास येऊ लागतो. एखादीला मात्र बुरशी लागलेली असते. तिला ऊन दाखवलं की वास जास्तच पसरतो, ती फेकायचीच. वाइनचंही तसंच, असं बाईंचं म्हणणं होतं. कोंडल्याचा वास हवेवर जातो. बूच खराब झाल्याचा ओल्या गोणपाटासारखा वास हवेवर वाढतो. त्यांच्या वहीत दोन्हींची नोंद मराठीतच असे.

हे नाक त्यांनी मिरजेहून आणलं. आई चार घरी सणावाराचा, श्राद्धपक्षाचा स्वयंपाक करायला जायची आणि प्रमोदिनी तिच्या हाताखाली. नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. मग आमटीत मीठ पडलं की राहिलं हे कळायचं कसं? वाफेवरून. मीठ कमी असेल तर वास वर उडून जातो, बरोबर असेल तर पातेल्यावर बसून राहतो, असं आई सांगायची. ऐकणाऱ्याला हसू येई, पण जेवायला बसलेल्यांपैकी कोणी वरून मीठ मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या. नवरा गुणवंत, केंद्र सरकारात. ब्याऐंशी साली, एशियाडच्या वर्षी, हॉटेलांनी भराभर माणसं घेतली, त्यात प्रमोदिनीबाईंना भांडारात कारकुनी मिळाली. सासूबाई, अहिल्याबाई, सुनेने हॉटेलात काम करायचं म्हटल्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एका अटीवर राजी झाल्या: तिथलं काहीही जिभेला लागता कामा नये. सुनेने मान डोलावली. त्या काळात तिला तळघर म्हणजे कांदे-बटाटे ठेवायची जागा वाटत होती.

वर्षभरातच एक गोष्ट झाली. बाटल्यांची यादी तपासताना बाईंनी टेबलावरचा एक पेला लांब सरकवला आणि तिथल्या वेटरला सांगितलं, “भैया, इसमें गीली बोरी की बास है.” बाजूला हॉटेलचा फ्रेंच साहेब उभा होता. त्याने ते शब्द समजून घेतले, पेला हुंगला, चाखला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे एकसारखे दिसणारे पाच पेले ठेवले. एकात खराब बूच लागलेली वाइन होती. बाईंनी ती पहिल्या झटक्यात काढली. साहेब आठ वर्षं इथे होता. कुठली वाइन किती वेळ हवेवर ठेवायची, कधी उघडून दिवसभर विसरून जायची, हे सगळं त्याने शिकवलं आणि जाताना तो नियम करून गेला. त्याने एकदा विचारलं होतं, घोटभर तरी घेऊन बघा. त्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की स्वयंपाकीण चाखायला लागली की तिचं नाक आळशी होतं. साहेबाला ते फार आवडलं. तो पुढे सगळ्यांना सांगत सुटला.

अहिल्याबाई शहाण्णव साली गेल्या. तेव्हा गुणवंतराव म्हणाले होते, “आई गेली. आता एक घोट घेतलास तर केंद्र सरकार पडणार नाही.” बाईंनी ते हसण्यावारी नेलं. अट आता सासूबाईंची राहिली नव्हती. ती त्यांची स्वतःची ओळख झाली होती. न पिता पारख करणारी बाई म्हणून लोक त्यांना बघायला तळघरात उतरायचे.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. अजून थोडी रजई होती. अविनाशने घड्याळ पाहिलं. पाऊणला आठ मिनिटं असताना त्यांनी पेला उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. कोंडलेपण गेलं होतं. सुकलेल्या जांभळाचा, आजोबांच्या तपकिरीच्या डबीचा, उगाळून उगाळून झिजलेल्या चंदनाच्या खोडाचा वास सुरईवर दाटून आला होता. त्यांनी पेला त्याच्यापुढे धरला. “घे तुझी म्हातारी. बघ कशी नटलीय.”

अविनाशने हुंगलं. त्याच्याही भुवया वर गेल्या. मग त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पुन्हा एक घेतला. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसला नाही, म्हणूनच बाईंनी विचारलं.

“काय झालं?”

“वास सगळा आहे, काकू. आत कोणी नाही.”

“मुद्दाम म्हणतोयस.”

“नाही हो. बाराला होती. आता गेली.” त्याने पेला खाली ठेवला. “तुमचं नाक चुकलेलं नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्या शालीला अत्तराचा वास राहतो ना, तो हुंगतोय आपण.”

त्या खुर्चीवर बसल्या. अविनाश सावकाश समजावत राहिला. तरुण वाइनचं नाक आणि तोंड जवळजवळ बरोबरच उमलतात. फार जुनीचं तसं नसतं. नाक मागून येतं, आणि ते येईपर्यंत कधी कधी तोंड संपलेलं असतं. प्रत्येक बाटलीचं वेगळं. चाखल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

बाईंना बावीस वर्षांतल्या जुन्या बाटल्या आठवू लागल्या. वास पुरता उमलेपर्यंत त्यांनी थांबवून ठेवलेल्या. वरून नेहमी निरोप यायचा, वाह, क्या खुशबू है. खुशबूच. एका म्हाताऱ्या पाहुण्याने एकदा “खुशबू तो गजब है, बाकी...” असं म्हटल्याचं वेटरने सांगितलं होतं. त्या बाकीचं पुढे काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आता कारखानिसांची एकच बाटली उरली होती, आणि एक वाजायला पंधरा मिनिटं.

“असं करू,” अविनाश म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. “दुसरी मी उघडतो. मी चाखतो, मी सांगतो तेव्हा पाठवू. वहीत नेहमीसारखी तुमची सही. कोणाला काही कळायचं कारण नाही.”

“मला कळेल ना.”

“मग?”

 त्यांनी मेलेल्या वाइनचा पेला उचलला, क्षणभर हातात धरला, आणि घोट घेतला.

अविनाशने घाईने थुंकण्यासाठीचं भांडं पुढे केलं. आमच्यात सगळे थुंकतात, काकू, चाखायचं म्हणजे गिळायचं नसतं, असं तो सांगत होता. पण तोंडातला घास थुंकायचा ही गोष्ट बाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी तो गिळला. आवळा खाल्ल्यासारखी कडेकडेने तुरट ओढ आली आणि त्यानंतर काहीच नाही. विसळलेल्या पातेल्यातल्या पाण्यासारखं. नाकात अजून चंदन दरवळत होतं आणि जीभ कोरडी पडली होती. एवढा फरक असू शकतो हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

“दुसरी उघड,” त्या म्हणाल्या. “सुरई नको. बाटलीतच राहू दे.”

जुनं बूच अर्ध्यात मोडलं. अविनाशने उरलेला तुकडा दोन पातळ पात्यांच्या चिमट्याने अलगद बाहेर काढला. तसाच कोंदट भपका आला. बाईंनी लगेच घोट घेतला. जिभेवर काहीतरी होतं, पण घट्ट, मूठ आवळलेलं. पाच मिनिटांनी दुसरा. मूठ थोडी सैल झाली होती. त्यांनी डोळे मिटले होते आणि हाताने अविनाशला गप्प राहण्याची खूण केली होती, खरं तर तो गप्पच होता. एकला दोन मिनिटं असताना तिसरा घोट. आंबट, गोड, आमसुलाच्या जवळपासचं काहीतरी, मागून एक ऊब, आणि गिळल्यावरही ते तोंडातून गेलं नाही. राहिलं. बाईंनी डोळे उघडले. 

“आता,” त्या म्हणाल्या.

अविनाशने पेला हुंगला. “काकू, वास अजून पूर्ण... रजई आहे थोडी.”

“जिने चढेपर्यंत जाईल. वास लोकांना पेल्यात मिळेल, हे नंतर मिळायचं नाही. ने लवकर. आणि हलवू नकोस, गाळ वर येईल.”

तो बाटली दोन्ही हातांनी धरून, देव्हाऱ्यातलं काही नेत असल्यासारखा, पायरी पायरी मोजत वर गेला. बाई खाली एकट्या राहिल्या. त्यांनी वही उघडली. तारीख लिहिली, बाटल्यांची नावं लिहिली. पहिलीपुढे लिहिलं: ‘जास्त थांबवली. माझी चूक.’ दुसरीपुढे नेहमीचं ‘नाकाने तपासली’ लिहायला घेतलं, ते खोडलं, आणि वर लिहिलं: ‘चाखली. प्र. गु. सबनीस.’ अक्षर नेहमीपेक्षा थोडं मोठं आलं.

पाऊण तासाने अविनाश परत आला. कारखानिसांनी पहिल्या घोटानंतर पेला खालीच ठेवला नाही, म्हणाला. बायकोकडे बघत नुसते बसून राहिले. मग कारखानिसबाईंनी त्यांचा रिकामा पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, तुमची संपली, आता माझ्या पेल्यातलीही पिऊ नका. सगळं टेबल हसलं. पहिल्या बाटलीचं त्याने त्यांना खरं तेच सांगितलं होतं. ते म्हणाले, एक तरी मिळाली ना.

बाईंनी ऐकून घेतलं. वही बंद केली, पेले विसळून उलटे ठेवले.

अविनाश खांबाला टेकून त्यांच्याकडे पाहत होता. काही विचारावं की नाही असा त्याचा चेहरा होता. शेवटी त्याने विचारलंच.

“काकू, पण तुम्हाला आवडली का?”

प्रमोदिनीबाईंनी खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलली, खांद्यावरून नीट लपेटून घेतली, “अजून तोंडात आहे,” म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.