पट्टी बांधणारं कोण?

"ए पोरी, खाली उतर. तुमची पायरी तिसरी."

देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष सगळ्या गावापुढं बोलला. घटस्थापनेची सकाळ. भिंतीत नवी संगमरवरी पाटी बसवली व्हती, तिच्यावर लाल पडदा. मी पाचव्या पायरीवर उभी. एकोणीस वर्षांची, जालन्याला डी.एड. करून राह्यलेली, इस्त्रीचा ड्रेस घातलेली. आन् मी उतरले. हे आधीच सांगून टाकते. गुमान दोन पायऱ्या उतरले. त्याची लाज मला आजबी हाये.

आमच्या देवीच्या कपाळाला कापडाची पट्टी असते. हिरवी, हातभर, फाडलेली. तिची गोष्ट आमच्या घरची. माझी खापरपणजी भागाई पाटलाच्या रानात निंदत व्हती. तिचं खुरपं दगडाला लागलं आन् दगडातून रक्त आलं. बाकीच्या बाया बोंबलत पळाल्या. भागाई पळाली न्हाई. तिनं पदर फाडला आन् दगडाला बांधला, लेकराचं डोकं फुटल्यावर बांधतो तसा. तोच दगड आता देवी. दगडातून रक्त येत न्हाई, हे मला बराबर कळतं. पण पदर फाडणारी बाई मला खरी वाटते.

तवापासून आमच्या घराला मान. घटाची माती भागाईच्याच खुरप्यानं उकरायची. माझ्या मायनं ती टोपल्यात आणायची, तिसऱ्या पायरीवर ठिवायची. पुजारी वरून ओरडायचा, "भागाईची माती आली का?" मंग मातीवर पाणी शिंपडून ती आत न्यायचा. खुरपं वापस, माय वापस. माती चालायची. उकरणारी चालायची न्हाई.

आमच्या आज्यानं छप्पन्न साली धम्म घेतला, घरातले देव पूर्णेत सोडले. माझा बाप दरसाली मायवर चिडायचा, "देव सोडले तं हा मान कशाला उरावर घेतलास?"

माय म्हणायची, "देव सोडला. म्हातारी थोडीच सोडली?"

वर्षातून एकदा त्या देवळापुढं आमच्या म्हातारीचं नाव मोठ्यानं घेतलं जातं, एवढ्यासाठी माय पायरीवर उभी राह्यची. बस्स. दुसरं काय न्हाई.

आता गुरुजींचं सांगते. माणूस लई चांगला, असं मी तवा शपथेवर सांगितलं असतं. चौथीपर्यंत त्यांनीच मला शिकवलं. गावातला आमच्या घरी चहा पिणारा वरच्या आळीतला पयला माणूस. माझं शिक्षण थांबवायची गोष्ट निघाली तं बापाला समजवायला दोनदा आल्ते. रिटायर झाल्यावर ते देवळाच्या कमिटीचे सचिव झाले. त्या उन्हाळ्यात घरी येऊन म्हणाले, "देवीचं माहात्म्य पाटीवर कोरून राह्यलो. तुझं अक्षर मोत्यावानी. मायला विचारून नीट लिहून दे. भागाईचं नाव दगडावर यील, पोरी."

त्या दिवशी माय स्वयंपाक विसरली. मी लिहून राह्यले आन् ती सांगून राह्यली. मधीच म्हणायची, "पदर हिरवा व्हता. हिरवा लिव्ह." मी हिरवा लिहिला. सात पानं झाली. शाईच्या पेनानं, एक खाडाखोड न करता. गुरुजींनी पानं कपाळाला लावली. म्हणाले, "घटस्थापनेला वर येऊन तूच वाचायचं." म्हणून मी पाचव्या पायरीवर गेल्ते. चोरून न्हाई. बोलावली व्हती मला.

अध्यक्षानं उतरवलं तवा गुरुजी त्याच्या शेजारीच व्हते. मी त्यांच्याकडं पाह्यलं. ते हारातली फुलं नीट करू लागले.

पडदा सरकला. माय माती घेऊन माझ्या शेजारी उभी. तिला वाचता येत न्हाई. तिनं माझं बोट धरलं आन् कानात विचारलं, "भागाई कुठं लिव्हलीय गं?"

मी वरून खालपर्यंत वाचलं. वाक्यं माझीच व्हती, निम्म्याच्या वर. रान माझं, दगड माझा, रक्त माझं. भागाई न्हाई. तिच्या जागी गाय. पाटलांची कपिला गाय चरता चरता थांबली, तिचा खूर दगडाला लागला, रक्त आलं. निदान माणूस तरी ठिवायचा व्हता! आन् पुढची ओळ: "तदनंतर देवीच्या कपाळी हिरवी पट्टी बांधण्यात आली."

बांधण्यात आली!

ह्याच गुरुजींनी आम्हाला तिसरीत व्याकरण शिकवलं व्हतं. फळ्यावर छडी आपटून म्हणायचे, क्रियापदाला 'णारं कोण' विचारा, कर्ता लपून बसला तरी सापडतो. मी तिसऱ्या पायरीवरून वरडले, "गुरुजी, पट्टी बांधणारं कोण? गाय का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. गुरुजी खालीच पाहून बोलले, "विषय वाढवू नको. लोकांच्या भावना असतात."

"आन् आमच्या?"

तेवढ्यात आतून पुजारी ओरडला, "माती आली का?"

नुसती माती. नाव न्हाई. पाटी झाली, मंग नावाची गरजच संपली. माय माझ्याकडं पाहून राह्यली. तिला आता सगळं कळलं व्हतं. मी काही करायच्या आत तिनंच टोपलं पायरीवर उपडं केलं. खुरपं उचललं, पदरानं पुसलं आन् म्हणाली, "चल. मान मान म्हणून आजवर आमचीच मान वाकवली."

तिसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. मी चहा ठिवला न्हाई. ते म्हणाले, "पाटीखाली एक ओळ वाढवू. 'एका सेविकेने पट्टी बांधली.'"

"नाव घाला."

"नाव कसं घालावं? नावावरून जात कळते गं."

"गाय कपिला व्हती ते कळलेलं चालतं?"

ते उठले. मला अशा माणसाची चीड येते, पण त्या दिवशी चीड न्हाई आली. रडू आलं. अध्यक्ष माझा कोणी नव्हता, त्यानं उतरवलं तं उतरवलं. पण मला लिहायला शिकवणाऱ्यानं माझ्याच अक्षरातून माझी म्हातारी खोडली. हे मी विसरणार न्हाई आन् माफबी करणार न्हाई.

आता मी मास्तरीण हाये, आमच्याच गावच्या शाळेत. माय गेली. खुरपं माझ्या घरी असतं, त्यानं मी आळूचं तण काढते. दरसाली घटाच्या आधी देवळाचा माणूस येतो. पहारीनं उकरलेल्या मातीत घट उगवत न्हाई, असं गावात बोलतात म्हणं. मागच्या साली त्यानं विचारलं, "ते तुमचं लोखंड द्या की, बाई."

"कोणाचं? नाव घेऊन माग."

त्यानं मागं वळून पाह्यलं, गल्लीत कोणी हाये का. मंग हळूच म्हणाला, "भागाईचं."

"कानात घेतलेलं नाव मला नको. जा."

तो गेला. खुरपं मी देणार न्हाई, पाटी बदलली तरी देणार न्हाई. वर्गात कर्ता शिकवताना मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते: देवीला पट्टी बांधण्यात आली. मंग विचारते, बांधणारं कोण? चाळीस पोरं मोठ्यानं भागाईचं नाव घेतात, पाटलाचा नातूबी घेतो, आन् खिडक्या मी उघड्या ठिवते.