भरमूची बाटली

गुणाबाईच्या घरात तिचा मेलेला नवरा राहतो, हे खानापुराजवळच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिन्हीसांजेला दिवा लावला, की भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या रिकाम्या बाटलीचं बूच कुणीतरी उपटल्यासारखा आवाज यायचा आणि घरभर वाईनचा वास सुटायचा. शेजारणी त्या वेळेला तिच्या दारावरून जात नसत.

नवरा भरमू बेळगावच्या कॅम्पात साहेबांच्या मेसमध्ये ग्लास धुवायचा. पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि गुणाबाईनं अंथरूण धरलं, तेव्हा त्यानं ही सोनेरी कागदाची बाटली आणली. "मडमा बाळंतपणात हीच पित्यात. लई भारी हाय. घोटभर घे." त्या घोटानं बाई उठून बसली. मग दर सुट्टीला बाटली भरून यायला लागली.

एकदा नंदगडला माहेरी भावानं गोव्याची स्वस्तातली वाईन गाडग्यातून दिली. गुणाबाईनं ती थुंकून टाकली. "ह्या आंबट पाण्यापरास आमच्या ह्यांची साहेबाची बरी!" सगळे हसले. भरमूचा चेहरा तेवढा उतरला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण ही बया त्याला बोलू देईल तर शपथ!

मानमोडीच्या तापाच्या साथीत भरमू गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. माणसं म्हणाली, इच्छा राहिली. गुणाबाईनं मनाशी धरलं, साहेबाची वाईनच हवी असणार. पण ती आणायची कुठून? दर पितृपक्षात म्हाळाला ती छपरावर पान ठेवायची, कावळे शेजारच्या छपरावर जेवायचे आणि संध्याकाळी बूच वाजायचं. तिला त्याची कधी भीती वाटली नाही. आपला माणूस उंबऱ्यात अडकून पडलाय, या विचारानं मात्र जीव तुटायचा.

साहेब देश सोडून निघाले त्या वर्षी तिच्या धाकट्या दिरानं, लोंढा स्टेशनात हमाली करणाऱ्या गुंडूनं, वहिनीचं मन राखायला कॅम्पातून तसलीच एक बंद बाटली मिळवली. म्हाळाच्या पानाशेजारी वाटी भरून ठेवली. कावळा फिरकला नाही. गुणाबाईनं वाटीत बोट बुडवून चाखलं. तुरट, कडसर, जीभ आखडून गेली.

"गुंडू, ही ती न्हवं रं."

गुंडूनं मान खाली घातली. "वैनी, अण्णाला शब्द दिलता मी, तुला सांगणार न्हाई म्हून. बाटली तेवढी साहेबाची. आतली लोंढ्याला मीच भरून द्यायचो. गोव्याची, स्वस्तातली."

"म्हंजे मी नंदगडात थुकलेली?"

"व्हय. तीच."



सर्वपित्रीला तिनं तीच स्वस्तातली मागवली. पान वाढलं, वाटीत वाईन ओतली आणि आधी स्वतः घोट घेतला. तीच चव. तिला रडू फुटलं. छपराकडं बघून म्हणाली, "आवं, मला हीच ग्वाड लागत हुती. बाटलीला भुलले मी. माझ्या तोंडापायी तुमी खरं बोलला न्हाईसा. माझा राग न्हाय. जावा आता."

कावळा उतरला. वाटीत चोच बुडवली आणि भाताचा घास घेऊन उडाला.

त्या तिन्हीसांजेला दिवा लावून गुणाबाई देवळीसमोर बसली. बूच वाजलं नाही. वासही आला नाही. तिनं बाटली उतरवून पदरात घेतली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्या रिकाम्या घराची भीती वाटली.