डिझेल गाडीचा डम्प व्हॉल्व्ह आणि बाबांचा श्वास

आधीच सांगते — भूत, बाधा, अंगात येणं, यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. आजोबा महूला फौजेत होते. बुद्धवंदनेखेरीज दुसरं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाबांना बांधायला कुणी गंडा आणला तर आई त्याला चहा पाजायची आणि गंडा परत द्यायची. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स. कुणाच्या शिफारशीशिवाय तुकोगंजमधल्या ऑफिसात लागले. तेव्हा हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर सांगा, एवढंच.

आमचं घर इंदूरला, अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, आणि पुढे पत्र्याचं शेड. शेडमध्ये राजूचं, माझ्या धाकट्या भावाचं, गॅरेज. शहरातल्या मिल्स एकामागून एक बंद पडल्या होत्या आणि रस्त्यावर रोज नवीन कंपनीची गाडी दिसत होती, तेव्हाची ही गोष्ट.

बाबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते. रुई पिंजतात तिथे. तिथली हवाच पांढरी असते म्हणायचे. मिल बंद झाली, मिलचा दवाखाना बंद झाला, पण छातीत गेलेलं ते सगळं छातीतच राहिलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "श्वास आत जातो, पण पूर्ण बाहेर येत नाही. प्रत्येक वेळी थोडी हवा आत अडकते. हे आता सुधारणार नाही." बाबांना आडवं होता यायचं नाही. शेडच्या दाराशी खुर्चीत, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसायचे. झोपही तशीच, तुकड्या-तुकड्यांत. दिवसभर तोंडात ओवा.

एक दिवस गोलू भिया आला. बापाचा बांधकामाचा धंदा, नवीकोरी टर्बो डिझेल गाडी, आणि हातात दिल्लीहून मागवलेला डम्प व्हॉल्व्ह.

"राजू भाई, गियर बदलूँ तो छूऽऽ बोलना चिये. पूरा राजबाड़ा पलट के देखे."

मी डब्यातला इंग्रजी कागद वाचला आणि राजूला बाजूला घेतलं. "अरे, हा पेट्रोल गाडीचा आहे. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की आतली झडप बंद होते, टर्बोने ढकललेली हवा अडकते, ती हा बाहेर सोडतो. डिझेलमध्ये ती झडपच नसते. काय सोडणार हा?"

"ताई, गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर तो पुढच्या गॅरेजला जातो. लावून तर बघू."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "अडकलेली हवा सोडतो म्हणतेस? मग माझ्याच छातीला बसव ना रे एक..." हसायला गेले आणि खोकला लागला. बराच वेळ.

राजूने व्हॉल्व्ह बसवला. केशरबागेपर्यंत चक्कर मारून आला. आवाज शून्य. मी म्हटलं होतंच. गाडी शेडमध्ये लावली, बॉनेट उघडलं. जेवणं झाली. दुपारी राजू गाडीखाली शिरला. इंजिन बंद, पार गार झालेलं. मी तो कागद घेऊन बॉनेटपाशी उभी.

आणि व्हॉल्व्ह बोलला.

गोलूला हवा होता तसा छूऽऽ नाही. लांब, हळू... कुणीतरी ओझं खाली ठेवून श्वास सोडावा तसा. मी मागे वळले. बाबांचे खांदे, जे कित्येक वर्षं कानांपर्यंत चढलेले होते, ते खाली येत होते. बाबा श्वास सोडत होते. शेवटपर्यंत. मग सरळ बसले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"अजून एकदा करा रे," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, राजूने खालून काही हलवलं असेल. थोड्या वेळाने पुन्हा झालं. या वेळी मी व्हॉल्व्हच्या तोंडाशी तळहात धरला. इंजिनची हवा तेलकट असते. ही कोमट होती, ओलसर. हात नाकाशी नेला... ओव्याचा वास.

त्या दुपारी बाबा खाटेवर आडवे झोपले. पाठीवर. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी राहिली, त्यांना हाक मारायला घाबरत होती.

पुढचे काही दिवस असंच चाललं. मी दुपारी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन घरी यायचे. मी बॉनेटपाशी, राजू खाली, बाबा खुर्चीत. बाबा दोन पोळ्या खायला लागले. आईला म्हणाले, आज कढी कर. एकदा राजू नुसता म्हणाला, "सकाळी तू नसतेस तेव्हा नाही होत." आणि माझ्याकडे बघत राहिला. आमच्या घरात असं काही विचारणं म्हणजे ते मानणं. ते कोण करणार? आम्ही दोघं रोज ते बघायचो आणि पाना-पकडीविषयी बोलायचो.

गोलू भिया मात्र तापला. "क्या राजू भाई, गाड़ी पे मुर्गी जैसे अंडे से रिये हो क्या?"

"बस भिया, थोड़ी फिटिंग बाकी है."

"कब से बाकी है यार!"

बाबा म्हणाले, "राजू, चावी दे."

"बाबा, दोन दिवस फक्त..."

"परक्याची गाडी आहे. चावी दे म्हणतो ना."

राजूने चावी दिली. गोलूने विचारलं, "बजता है ना?" राजूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "बजता है," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी बाबांचे खांदे पुन्हा वर चढले.

राजूने तसाच दुसरा व्हॉल्व्ह मागवला. एका जुन्या जीपला लावला. बाबांना खुर्चीसकट जवळ आणून बसवलं. मी बॉनेटपाशी उभी राहिले. काही नाही. बाबाच शेवटी म्हणाले, "राहू दे रे, दमलास." मग मी गोलूच्या घरी गेले. हात जोडून मागायची तयारी करून गेले होते, मी, जिने कधी कुणाकडे काही मागितलं नाही.

"वो? वो तो मानपुर के पास निकलवा के फेंक दिया, दीदी. एक बार नी बोला."

राजू मानपूरला जाऊन हायवेवरची सगळी गॅरेजं, सगळं भंगार उलथून आला. मिळाला नाही. बाबा त्याच वर्षी थंडीत गेले. खुर्चीत, पुढे वाकलेले. आडवं केलं ते नंतर आम्ही.

राजू त्यानंतर माझ्याशी तुटकच वागला. मला वाटलं, दुःख आहे, निघेल. वर्षं गेली. परवा शेड पाडायचं ठरलं, पत्रे उतरवताना आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "राजू, खरं सांग. तेव्हा तू गाडीखाली काय करायचास?"

त्याने हातातला पत्रा खाली ठेवला.

"मी? मी तर नुसता पडून असायचो, ताई. मला वाटायचं, तू काहीतरी करतेस. तू शिकलेली." मग म्हणाला, "मी इतकी वर्षं हाच राग धरून होतो, की जीपवर तू पुन्हा का नाही केलंस."

मी त्याला सांगितलं, मी काहीच केलं नव्हतं. त्याने मान हलवली. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. आणि ते काय होतं, तेही मला माहीत नाही.