दूधवाल्याची चढाई

कडाव गावात आमच्याकडे दूध घालणारा हा माणूस एकेकाळी तालुक्यात गाजलेला कबड्डीपटू. खेळताना त्याचं डोकं कितीदा आपटलं, देव जाणे. तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा मैदानात सोडायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

हल्ली दूध घालून गेला की घटकाभरात परत येतो. "वैनी, पातेलं आना." मी मुकाट्याने दुसरं पातेलं पुढे करते. पायरीशी वाकून तो मातीचा हात कपाळाला लावतो, चढाईआधी लावायचा तसाच.

काल मला राहवलं नाही. पाच जणांना अंगावर घेऊन त्याने मधली रेघ कशी गाठली, ते त्यालाच रंगवून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं.

"भारीच खेळायचा की," तो म्हणाला. "आता कुठं असतो तो, वैनी?"