खरवडलेली जीभ

तळ्याची अर्धी फेरी झाली, पवनचक्क्या मागे पडल्या, तरी यामिनीचा राग काही चालून जिरत नव्हता. शेजारची शामला तिच्यामागे जवळजवळ धावतच होती.

"अगं हळू! चोर आहेस का पळायला?"

"तुम्ही या मागून. शामलाताई, उन्हाळाभर त्या लिनबाईचा काढा प्याले मी! घरात असा वास, की ऋता नाक धरून डचमध्ये काहीबाही बोलते. आणि आज ती बाई मला विचारतेय, तू जीभ घासतेस का म्हणून!"

यामिनी एरवी आवाज चढवणारी नव्हे. रॉटरडॅमच्या बंदरातल्या एका कंपनीत तिची आयटीतली नोकरी. पण ऋता झाल्यापासून सोरायसिस मागे लागला होता. कोपरं, नडग्या, तळहात. इथला घरचा डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्स, मलम देई; लावलं की बरं, थांबवलं की पुन्हा खवले. मागल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळात ती मोदकांची उकड मळायला बसली, तर एकीने गोड हसून हातमोजे पुढे केले. हे लागट नाही, सगळ्यांना ठाऊक. तरीसुद्धा. यामिनी उठली ती भांड्यांच्या ढिगापाशी गेली आणि आरती होईस्तोवर घासत बसली.

यंदा उकड मळायचीच, या हट्टाने तिने लिनबाई गाठली. हाउसआर्ट्सला सांगून, मलम न सोडता. ही चिनी वैद्यबाई आधी नाडी बघे, मग जीभ. जिभेवरचा थर पिवळा दिसला की अंगात उष्णता समजायची आणि त्याप्रमाणे काढ्यातली मुळं-साली बदलायची, अशी तिची रीत. त्यात कुठल्याशा किड्याची कातही असते हे कळल्यावर यामिनीने तेवढी काढायला लावली होती.

"तिच्याकडे जायच्या दिवशी तर मी मुद्दाम जास्त खरवडायचे," यामिनी म्हणाली. "परक्या बाईसमोर जीभ काढायची, ती काय घाण दाखवायची?"

"आणि वर तुझं हळदीचं दूध?"

"तेच तर! आज तिने कापसाचा बोळा फिरवला, तो पिवळाधम्मक. इतके दिवस म्हणत होती, उष्णता फार, उष्णता फार. मिरची बंद, लसूण बंद, वांगं बंद. कसली उष्णता? हळद होती!"

शामलाला हसू आवरेना. यामिनीने रागाने पाहिलं आणि बाकावर बसकण मारली. बाही वर सारून ती कोपर खाजवू लागली. रक्त दिसलं, तेव्हा शामलाने तिचा हात धरला. हसू कुठल्या कुठे गेलं.

"उद्या सकाळी पुन्हा बोलावलंय. काही न घासता, काही न खाता-पिता," यामिनी हळूच म्हणाली.

"मग जा ना तशीच."

"आणि देवाचं? तिथून थेट ऑफिस गाठायचंय. आणि पारोशा तोंडाने मी कधी देवासमोर बसले नाही."

"अगं, देव समजून घेतो."

"तो घेईल हो. मलाच जमत नाही." तिने बाही खाली ओढली. "गणपती तोंडावर आलेत, ताई. ही शेवटची खेप, नाहीतर हा काढा त्या तळ्यात. उद्या तुम्ही लवकर याल का, आंघोळ करून? माझ्या देवांची पूजा तेवढी तुम्ही करा. मी दारातून बघेन, तोंड मिटून."