शेवटच्या अंतऱ्यातलं नाव

तुमच्या मोबाइलात गाणी किती आहेत? दोनशे? पाचशे? त्यातल्या किती गाण्यांचे पैसे तुम्ही गाणाऱ्याला दिले? बरं, पैशाचं सोडा. ज्याने शब्द जोडले, त्याचं नाव तरी सांगता येतं का? एकाचं? येत नसेल तर लाजून पान उलटू नका. रिठदच्या लिलाबाई पट्टेबहादूर यांची गोष्ट सांगते, ती ऐका.

लिलाबाई शाळेत खिचडी शिजवते. वय अठ्ठावन्न. अक्षरं सहीपुरती, तीही मोठेपणी गिरवलेली. पण डोक्यात चाळीसएक गाणी, सगळी स्वतः जोडलेली. मोठ्या गंजात उलथनं फिरवताना तिला चाल सुचते. ठेका बदलला की वर्गातल्या मॅडम ओळखतात, आज खिचडीसोबत आणखी काहीतरी शिजतंय. चौदा एप्रिल असो, कुणाच्या लेकराचं नाव ठेवायचं असो, विहारात पौर्णिमेला लोक जमलेले असोत, लिलाबाई गाते. मागे दोन बाया झील धरायला आणि एक ढोलकी, एवढीच तिची पार्टी.

आमच्याकडे रीत आहे. गाणं जोडणारा शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव घालतो. गाण्याचा सातबाराच तो. लिलाबाईचं सगळ्यांत आवडतं गाणं चुलीपुढच्या बाईचं. भाकरी भाजता भाजता ती राखेवर बोटाने अक्षर गिरवते. त्याचा शेवट असा: ‘लिला म्हणे, राख पुसा गं, नाव पुसू नका.’

आणि नेमकं तेच पुसलं गेलं. शहरातल्या एका गायन पार्टीचा ऋषिकेश नावाचा गायक. त्याने हे गाणं कुठेतरी ऐकलं, उचललं आणि व्हिडिओ करून टाकला. शेवटच्या ओळीत ‘ऋषी म्हणे’. दोन लाख लोकांनी पाहिला. लिलाबाईची सून पौर्णिमा हिने तो सासूला दाखवला. लिलाबाईने पूर्ण ऐकला आणि एवढंच म्हणाली, आवाज गोड हाय पोराचा. त्या दिवशी शाळेची खिचडी बुडाला लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शाळेला लागूनच माझं घर; तिला काय झालंय ते मला त्या करपल्या वासावरून कळलं.

मी भडकले. तहसीलमध्ये मी इतके अर्ज दिलेत की मला पाहून बाबू लोक आधी ड्रॉवर लावतात. त्याच संध्याकाळी मी दोन पानी तक्रार लिहिली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ती घडी घालून परत दिली.

“शीला, कागदानं नाव वापस येत नाही व. लोकाइच्या तोंडात याले पाह्यजे.”

आता लोकांच्या तोंडात नाव घालायचं कसं? त्याचं उत्तर रिसोडच्या सादिकभाईकडे निघालं. सादिकभाईचा मंडप आणि साउंडचा धंदा. अनोळखी कव्वालांच्या कव्वाल्या तो विकत घेऊन ऐकतो, फुकटच्या ऐकत नाही, आणि हे सांगताना मान थोडी ताठ करतो. त्याने आम्हाला एक साइट दाखवली. तिथे गाणारा स्वतःच आपलं गाणं ठेवतो आणि कमीत कमी किंमत ठरवतो. ऐकणारा पैसे भरतो, गाणं त्याच्या मोबाइलात उतरतं. कुणाला जास्त द्यायचे तर जास्त देता येतात, वर दोन ओळींचा निरोपही लिहिता येतो. मध्ये कंपनी नाही. साइट आपलं कमिशन कापते, बाकीचे पैसे सरळ गाणाऱ्याच्या खात्यात. फॉर्मवर पहिलाच रकाना होता, कलाकाराचं नाव. तो पौर्णिमाने भरला आणि सासूला बोट लावून दाखवला.

रेकॉर्डिंग सादिकभाईच्या गोदामात ठरलं. चारही बाजूंनी मंडपाच्या गाद्या टांगल्या. त्याच्या बायकोने, जुबेदाभाभीने, स्वयंपाकघरातला मिक्सर बंद ठेवला आणि बकरी गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली. लिलाबाईने कानाला हेडफोन लावला, आवाज लावला, पहिला अंतरा झाला, दुसरा झाला. आणि तिने हात वर केला. ढोलकी बारीक झाली. लिलाबाई माइकमध्ये शांतपणे सांगू लागली: रिठदचे माणिकराव यांच्याकडून एक्कावन रुपये, धन्यवाद. रिठदच्या निताबाई यांच्याकडून वीस रुपये, धन्यवाद.

कार्यक्रमात असंच असतं. गाणं चालू असताना कुणी उठून पेटीवर नोट ठेवतो. गाणारा थांबतो, त्याचं नाव, गाव, रक्कम पुकारतो आणि मग गाणं पुढे जातं. या रेकॉर्डिंगसाठी गावाने तिच्या एसटीचे आणि ढोलकीवाल्याचे पैसे जमवले होते. लिलाबाईने अकराच्या अकरा नावं घेतली, बारावं जुबेदाभाभीचं, चहाबद्दल.

मी दरवाजा उघडून आत घुसले. हे गाणं जगात जाणार आहे, पुण्यातल्या नाहीतर दुबईतल्या माणसाला आमच्या माणिकरावाचं काय, ते सगळं कापा, असं मी सादिकभाईला जरा वरच्या पट्टीत सांगितलं. त्याचा हात माउसकडे गेलाही. लिलाबाईने हेडफोन काढला.

“माह्यं नाव त्यानं पुसलं म्हनून तू भांडाले निंगाली. अन आता मले लोकाइचं पुसाले लावून राह्यली?”

मी माघार घेतली आणि दरवाजा ओढून बाहेर आले. असं आयुष्यात दोनदाच झालं. पहिली वेळ इथे सांगणार नाही.

गाणं नावांसकट साइटवर गेलं. किंमत वीस रुपये. पहिल्या आठवड्यात तीन जणांनी घेतलं: एक मी, एक सादिकभाई आणि तिसरा पुन्हा सादिकभाईच, जुबेदाभाभीच्या मोबाइलवरून. गावात ज्याला सांगावं तो म्हणे, व्हॉट्सअॅपवर टाकून दे ना. त्या आठवड्यात मी चार घरांशी बोलणं तोडलं.

आठव्या दिवशी शंभर रुपये आले आणि सोबत निरोप. पाठवणारी पल्लवी, मूळची किन्हीराजाची, आता सुरतेत नर्स. तिने लिहिलं होतं, गाण्याच्या मधात गावातल्या माणसांची नावं ऐकून मी ड्युटीवर उभ्या उभ्या रडले. माझी आई ललिताबाई हिने मला चुलीपुढेच अक्षरं शिकवली. जमलं तर तिचं नाव घ्या. लिलाबाईने तो निरोप पौर्णिमाकडून दोनदा वाचून घेतला. सादिकभाई म्हणाला, साइटवर जुन्या गाण्याच्या जागी नवीन ठेवता येतं, ज्याने एकदा पैसे भरले त्याला ते पुन्हा फुकट उतरवता येतं. झालं. पुढच्या पौर्णिमेला गाणं परत रेकॉर्ड झालं आणि ललिताबाईचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. पुढे दर पौर्णिमेला नवी नावं. आपलं किंवा आपल्या आईचं नाव गाण्यात यावं म्हणून लोक पैसे भरू लागले. तेरा नावांची पन्नास झाली. मी बोलणं तोडलेल्या चार घरांपैकी तीन घरांची नावंही त्यात आली. मी ती ऐकली, पण बोलणं सुरू केलं नाही.

एके दुपारी मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा लखन शाळेत येऊन बसला. चेहरा उतरलेला. लिलाबाईने विचारलं तेव्हा म्हणाला, “मावशी, तीन डाव घेतलं मी तुमचं गानं. सात रोज झाले कानाले लावून राह्यलो, माह्यं नाव काही आलं नाही.”

त्याचा हिशोब सरळ होता. पेटीवर नोट ठेवली की नाव पुकारतात. वीस रुपये भरले, आता लगेच मोबाइलातून नाव येणार. आलं नाही, म्हणजे नोट स्टेजपर्यंत पोचली नसेल. म्हणून पुन्हा भरले. मग पुन्हा. मॅडम हसल्या, पोरं हसली, सगळ्यांत जास्त मी हसले. लिलाबाई हसली नाही. तिने उलथनं खाली ठेवलं, जेवायला बसलेल्या पोरांपुढे लखनचं नाव खड्या आवाजात तीनदा घेतलं, तीनदा धन्यवाद म्हटलं आणि त्याला खिचडी वाढली. पुढच्या पौर्णिमेच्या गाण्यातही ते तीनदाच आहे.

मार्चमध्ये किन्हीराजाला विहाराच्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. दुपारचा कार्यक्रम, साउंड सादिकभाईचा आणि गायन पार्टी ऋषिकेशची. मी तक्रारीची ती दोन पानं घेऊनच गेले. लिलाबाई पुढे, बायांमध्ये सतरंजीवर बसली होती. त्याने तेच गाणं सुरू केलं. मी उठले. तिने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

“मधात बोलू नोको, गानं खराब होते.”

शेवटचा अंतरा आला. ऋषिकेशने तोंड उघडलं आणि नावं ऐकता ऐकता गाणं पाठ झालेल्या बायांच्या दीडशे गळ्यांतून आलं, ‘लिला म्हणे’. त्याला वाटलं, चुकल्या बाया. हसून त्याने ओळ पुन्हा धरली. बाया पुन्हा म्हणाल्या, ‘लिला म्हणे’. सादिकभाईने तेव्हा माइक बारीक केला असं काही जण म्हणतात. मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं.

तेवढ्यात लिलाबाई उठली. कंबरेची पिशवी सोडत स्टेजकडे गेली आणि तिने पेटीवर दहाची नोट ठेवली. गाणारा काहीही टाळू शकतो, पण नोट ठेवणाऱ्याचं नाव टाळू शकत नाही. ऋषिकेश वाकला, नाव विचारलं. तिने सांगितलं. पुढचंही सांगितलं, आणि ते माइकने पकडलं: “अन हे गानं माह्यं हाय, तेही सांग बाबू.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने पेटीवर नुसता सूर धरला. मग म्हणाला, “रिठदच्या लिलाबाई पट्टेबहादूर यांच्याकडून दहा रुपये, धन्यवाद. आणि हे गाणं त्यांचं आहे. नाव मी बदललं होतं.”

मग त्याने शेवटचा अंतरा तिच्या नावाने गायला. चांगला गायला, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. लिलाबाई सतरंजीवर परत येऊन बसली आणि मला म्हणाली, सांगतलं नव्हतं का, आवाज गोड हाय पोराचा. माझ्या दोन पानांत मी येताना स्टँडवरचे शेंगदाणे बांधून आणले.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने साइट उघडली. एका रात्रीत एकेचाळीस जणांनी गाणं घेतलं होतं आणि त्यात एक ऋषिकेश. वीस रुपये, निरोप कोरा. याचंही नाव घेणार का, असं मी लिलाबाईला विचारलं. ती म्हणाली, पैसे देल्ले ना त्यानं. घेतलं. लखनच्या मागे, एकदाच.

आता तुमच्याकडे येते. हे वाचून झालं की एक गाणं विकत घ्या. लिलाबाईचंच घ्या असं नाही. तुमच्या गावात, तालुक्यात, मागे कंपनी नसताना स्वतःच्या हिमतीवर गाणाऱ्या कुणाचंही घ्या. फॉरवर्ड करू नका, पैसे भरून घ्या. आणि शेवटचा अंतरा येईपर्यंत बंद करू नका. तिथे एक नाव असेल. ते मोठ्याने घ्या.