काळ्यातलं पांढरं

"सर, काळं बघू नका. काळ्यातलं पांढरं बघा."

आमचे ड्रॉईंगचे सर मला, त्यांच्या सहशिक्षकाला, असं म्हणत आणि खांदा धरून भिंतीकडे वळवत. निलंग्याच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत त्यांनी स्वतःचं एक एचिंग टांगलं होतं. जस्ताच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढायच्या, त्या तेजाबाला खाऊ द्यायच्या, मग शाई भरून कागदावर छाप घ्यायचा, हे त्यांनीच मला समजावलं. चित्रात चार बाया जमिनीवर बसलेल्या. ना नाक, ना डोळे. मी गणिताचा माणूस. कोंबडी शाईतून चालत गेलीय म्हणालो, तर सगळ्यांच्या आधी तेच हसले.

पण सोडलं नाही. डब्याच्या सुट्टीत तोंडात घास असताना उठवायचे. पुढच्या बाईच्या गालावर रेघा विरळ, म्हणून तिथं उजेड. सगळ्यात मागची पाठमोरी, तिच्यावर रेघांवर रेघा, जवळजवळ अंधारच. "ती रडून राहिली. तोंड न काढता रडवलंय या गड्यानं," स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणायचे. हळूहळू मलाही ती दिसायला लागली, आणि मग डबा गोड लागेना.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "मागची दिसती का तुम्हाला?" परीक्षा घेतायत असं वाटून मी हो म्हणालो.

"मला न्हाई दिसत, सर."

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं. उरलेलीही टिकली नाही. चित्रातली मागची आधी गेली, मग तिच्या शेजारची. उजेडातली पुढची बरेच दिवस राहिली, याचा त्यांना फार राग यायचा. नको ती उरली, म्हणायचे.

नोकरी संपली तेव्हा चित्र घरी नेलं. रविवारी मी जायचो. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा ठेवायच्या आणि मी त्यांना रेघा सांगायचो. पुढे पुढे मला सगळं तोंडपाठ झालं, न बघताच सांगायचो. एकदा असंच म्हणालो, मागचीच्या पाठीची रेघ मानेपासून कमरेपर्यंत सलग जाते.

"थांबती. खांद्यापाशी थांबती. तुम्ही बघून न्हाई राहिलात."

उठून काचेला नाक लावलं. खांद्यापाशी केसाएवढी जागा कोरी होती. थांबते, म्हणालो. त्यांनी चाचपत चहाचा कप उचलला.

"मला वाटलं, डोक्यातूनबी गेली का काय."

त्या वर्षीच्या थंडीत ते झोपेत गेले. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आत वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या, पाठमोऱ्या. रडण्याचा आवाज नव्हता. मला त्यांचा चेहरा बघायची गरज पडली नाही.